एकाच अल्बमची चार मास्टरिंग आणि हाय-एंड सिस्टीम: खरा फरक कुठून येतो?

मंद्रसप्तक

हाय-एंड सिस्टीमवरच्या चर्चा डॅक (डिजिटल फाइलचा ॲनालॉग सिग्नल करणारं यंत्र), ॲम्प, केबल आणि स्पीकर यांच्याभोवती फिरत राहतात. जी फाइल वाजवतोय ती कुठल्या मास्टरिंगची आहे, हा प्रश्न फार उशिरा निघतो, कित्येकदा निघतच नाही. माझं मत असं की दोन चांगल्या डॅकमध्ये जेवढा फरक असतो त्याच्या कित्येक पट फरक एकाच अल्बमच्या दोन मास्टरिंगमध्ये असतो, आणि तो ऐकायला कान टवकारून बसावं लागत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

ज्यांना मास्टरिंग म्हणजे काय हे नीट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सगळे ट्रॅक एकत्र करून स्टिरिओ मिक्स तयार झालं की मास्टरिंग इंजिनिअर त्याचा एकूण टोन, पातळी, दोन गाण्यांमधलं अंतर आणि एका गाण्याचा दुसऱ्याशी तोल ठरवतो. तेच मिक्स दोघांना दिलं तर दोन वेगळे अल्बम वाटावेत इतका फरक पडू शकतो. गाजलेल्या जुन्या अल्बमची पहिली सीडी, १९९०च्या दशकातलं रीमास्टर, पुढचं एखादं वर्धापनदिनाचं रीमास्टर, एसएसीडी (सीडीपेक्षा वरच्या दर्जाची डिस्क), हाय-रेझ (सीडीपेक्षा जास्त बिट आणि सॅम्पल रेटचं) डाउनलोड अशी कितीतरी रूपं फिरत असतात. मुखपृष्ठ तेच, गाणी तीच, आवाज वेगळा.

सगळ्यात मोठा घोळ पातळीचा आहे. १९८२ मध्ये सीडी आली तेव्हा १६ बिटमुळे साधारण ९६ डीबीची रेंज मिळाली. सुरुवातीच्या बऱ्याच सीडींत सरासरी पातळी खाली ठेवलेली असायची आणि ड्रमच्या ठोक्यांना, पियानोच्या जोरकस सुरांना वर भरपूर जागा असायची. १९९४ मध्ये वेव्ह्ज कंपनीचा एल१ हा डिजिटल लिमिटर आला. येणारा पीक, म्हणजे आवाजाचा क्षणिक उंच माथा, आधीच पाहून तो दाबणं त्यामुळे सोपं झालं, आणि मग आपलं गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं वाजावं या चढाओढीने वेग घेतला. मेटॅलिकाचा २००८चा 'डेथ मॅग्नेटिक' हे त्याचं टोकाचं उदाहरण. डीआर मीटरवर (संगीत किती मोकळं आहे ते मोजणारं मीटर; आकडा जितका कमी तितकं ते दाबलेलं) तो ३ दाखवतो. हीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेमसाठी वेगळी तयार झाली होती आणि त्यात ती पुष्कळ मोकळी होती. म्हणजे मोकळं रेकॉर्डिंग अस्तित्वात होतं, पण ते सीडीवर आलं नाही. श्रोत्यांना हा फरक लगेच कळला आणि त्यांनी त्याबद्दल मोठा आवाज उठवला.

आता हे हाय-एंड सिस्टीमवरच जास्त का टोचतं? फोनच्या स्पीकरला मुळात पीक झेपतच नाही, आणि धावत्या गाडीत हळू भाग इंजिनाच्या आवाजात बुडतो. तिथे दाबलेलं संगीत चालून जातं, काही वेळा सोयीचंही ठरतं. पण शांत खोली, कमी डिस्टॉर्शनचे स्पीकर आणि ताकदीचा ॲम्प असेल तर कापलेला पीक कापलेलाच ऐकू येतो. ठोक्यातला घुमारा जातो, उरतो फक्त फटकारा. गायक पुढे येत नाही, वाद्यं मागे सरकत नाहीत, सगळं एकाच भिंतीला चिकटल्यासारखं होतं, आणि थोड्याच वेळात हात आपोआप आवाज कमी करायला जातो. ज्या मोकळेपणासाठी एवढी सिस्टीम उभी केली तोच फाइलमध्ये नसतो.

तुम्ही मास्टरिंग कसं निवडता? अनुभव लिहा.

चौकस

मुद्दा पटला, पण एक अट घालतो. तुलना करताना दोन्हींची पातळी समान केली होती का? मोठ्या आवाजातलं संगीत कानाला आधी चांगलंच वाटतं. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की आवाज वाढला की खालचे आणि अगदी वरचे स्वर कानाला प्रमाणाने जास्त भरतात. रीमास्टर जुन्या सीडीपेक्षा ६-८ डीबी मोठं असेल आणि व्हॉल्यूमच्या खुंटीला हात न लावता ऐकलं, तर 'रीमास्टरमध्ये बेस जास्त आहे, तपशील जास्त आहेत' असाच निकाल लागणार.

दुसरं म्हणजे खोली. खोलीच्या आकारामुळे ६० हर्ट्झच्या आसपास १० डीबीचा खड्डा पडला असेल तर मास्टरिंगच्या बारकाव्यांवर बोलण्यात फार अर्थ नाही.

मंद्रसप्तक

@चौकस, समान पातळीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्याशिवाय केलेली तुलना मी धरतच नाही. २००१ पासून रिप्लेगेन (फाइलींची पातळी समान करून वाजवण्याची पद्धत) आहे आणि २००६ मध्ये आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने बीएस १७७० हे लाऊडनेस मोजण्याचं मानक आणलं. आज बहुतेक प्लेअर त्याच पद्धतीने फाइल तपासून पातळी जुळवून देतात. दोन्ही आवृत्त्या स्कॅन करायच्या, रिप्लेगेन चालू ठेवायचं, मग एकाच कडव्यावर आलटून पालटून ऐकायचं. अशी पातळी जुळवली की दाबलेली आवृत्ती एकदम बारीक आणि निर्जीव वाटायला लागते. हा बदल पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चकित करतो.

खोलीबद्दल मात्र थोडा मतभेद. खोलीचा दोष सगळ्या फाइलींवर सारखाच बसतो, त्यामुळे तुलना करता येते. मास्टरिंगचा दोष त्या त्या फाइलसोबत येतो आणि कितीही अकूस्टिक पॅनल लावले तरी जात नाही.

काचेपलीकडे

मी मास्टरिंगचं काम करते, म्हणून आतली बाजू मांडते.

पहिली गोष्ट, खापर नेहमी मास्टरिंग इंजिनिअरच्या डोक्यावर फुटतं, पण निर्णय बरेचदा त्याचा नसतो. वर 'डेथ मॅग्नेटिक'चा उल्लेख आला. त्याचं मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सन यांनी मिक्स आपल्याकडे आलं तेव्हाच दाबलेलं होतं असं सांगितलं होतं. हे माझ्याकडेही सर्रास होतं. मिक्सच्या मास्टर बसवर (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथे) लिमिटर लावूनच फाइल येते. मी 'लिमिटर काढून पाठवा' म्हटलं की उत्तर येतं, 'बँडला असंच ऐकायची सवय झालीय.' एकदा पीक कापला गेला की तो परत आणता येत नाही. सॉफ्टवेअर अंदाजाने गोलाई भरून देतं, पण ते मूळ नव्हे.

उलटं उदाहरणही आहे. गन्स अँड रोझेसच्या 'चायनीज डेमॉक्रसी'साठी, तोही २००८चाच, मास्टरिंग इंजिनिअर बॉब लडविग यांनी वेगवेगळ्या प्रमाणात दाबलेल्या तीन आवृत्त्या बँडपुढे ठेवल्या आणि बँडने सगळ्यात मोकळी निवडली. एकाच वर्षी दोन मोठे रॉक अल्बम, आणि घेतलेले निर्णय अगदी विरुद्ध.

दुसरी गोष्ट, मोठ्याने मास्टर करण्याचं व्यावहारिक कारण आता जवळपास संपलंय. स्पॉटिफाय सामान्य सेटिंगला गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (सरासरी लाऊडनेसचं माप; शून्याच्या जितकं जवळ तितका आवाज मोठा) आसपास आणून वाजवतं, ॲपल म्युझिकचा साउंड चेक उणे १६च्या आसपास. तुम्ही उणे ७ला मास्टर करून दिलं तर स्पॉटिफाय ते ७ डीबीने खाली ओढतं. पीक तर आधीच गेलेले असतात, मिळवलेला मोठेपणाही जातो. तरीही लोक मागतात, कारण मंजुरीसाठी फाइल ऐकणारा माणूस ती फोनवर, पातळी जुळवणाऱ्या नॉर्मलायझेशनशिवाय, दुसऱ्या कुणाच्या मोठ्या गाण्यानंतर ऐकत असतो. मंजुरीची ही पद्धत बदलत नाही तोवर माझ्यासारख्यांनी कितीही सांगितलं तरी उपयोग मर्यादितच.

आणि एक विनंती. 'कॉम्प्रेशन वाईट' असं सरसकट म्हणू नका. चांगला कॉम्प्रेसर गाण्याला बांधून ठेवतो. काही शैलींमध्ये ती घट्ट वीण हाच संगीताचा भाग आहे. माझा आक्षेप आहे तो फक्त पातळी वाढवण्यासाठी केलेल्या शेवटच्या लिमिटिंगला.

टेपवेडा

म्हणूनच मी व्हायनिलकडे, म्हणजे एलपी रेकॉर्डकडे, वळलो. डीआर डेटाबेसमध्ये कुठलाही नवा अल्बम काढून बघा, सीडीला ६ असेल तर व्हायनिलला ११ किंवा १२. आकडेच बोलतात.

काचेपलीकडे

@टेपवेडा, हे आकडे फसवतात. अगदी तेच दाबलेलं डिजिटल मास्टर व्हायनिलवर कापलं आणि त्याची रेकॉर्ड परत डिजिटल करून मोजली, तरी डीआर तीन-चार अंकांनी वाढलेला दिसतो. कापताना आणि वाजवताना सिग्नल ज्या फिल्टरमधून जातो त्यांत फेज (वेगवेगळ्या स्वरांची एकमेकांशी जुळणारी वेळ) सरकतो. सपाट कापलेल्या लाटेचे माथे त्यामुळे वेडेवाकडे होतात आणि मीटरला ते नवे पीक वाटतात. गेलेला ठोका त्यातून परत येत नाही. मास्टरिंग इंजिनिअर इयन शेपर्ड यांनी हे प्रयोग करून दाखवलंय.

व्हायनिलसाठी वेगळं, मोकळं मास्टर केलं जातं तेव्हा फरक खरा असतो. पण ते कापणाऱ्या इंजिनिअरच्या माहितीवरून कळतं, डीआरच्या आकड्यावरून नाही.

चौकस

+१. याला जोडून मोबाइल फिडेलिटी या रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचं प्रकरण आठवा. जुलै २०२२ मध्ये बाहेर आलं की त्यांच्या कित्येक महागड्या रेकॉर्डच्या साखळीत डीएसडीची (एसएसीडीवर वापरली जाणारी डिजिटल पद्धत) डिजिटल पायरी होती, तीही काही वर्षांपासून. ज्यांनी या रेकॉर्डची 'निखळ ॲनालॉग' म्हणून वाखाणणी केली होती त्यांना ती पायरी कानाने ओळखता आली नव्हती. कंपनीने ग्राहकांपासून माहिती लपवली हे चूकच, आणि प्रकरण कोर्टातही गेलं. पण ध्वनीच्या बाजूने त्याचा अर्थ मंद्रसप्तक यांच्या बाजूनेच लागतो. मूळ टेप चांगली होती, मास्टरिंग करणारे हात जाणते होते, म्हणून त्या रेकॉर्ड चांगल्या वाजत होत्या. मधली साठवण ॲनालॉग की डिजिटल याने ते ठरलं नाही.

टेपवेडा

फेजचा मुद्दा माहीत नव्हता, त्याबद्दल आणखी वाचतो. मोबाइल फिडेलिटीबद्दल मात्र माझा राग कायम आहे. पैसे ज्या गोष्टीसाठी घेतले ती गोष्ट द्यायला हवी होती.

नवश्रोता

मी या क्षेत्रात नवीन आहे. चांगला डॅक घेतलाय, हेडफोन आहेत, आता स्पीकर घ्यायचेत. माझा प्रश्न: २४ बिट १९२ किलोहर्ट्झच्या हाय-रेझ फाइल घेतल्या तर मास्टरिंगची ही भानगड टळते का?

मंद्रसप्तक

@नवश्रोता, नाही टळत. फॉरमॅट म्हणजे भांड्याची मापं, आत काय ओतलंय ते मास्टरिंग ठरवतं. दाबलेलं मास्टर १९२ किलोहर्ट्झमध्ये दाबलेलंच राहतं, फक्त फाइल मोठी होते.

यावर दोन अभ्यास आवर्जून पाहावेत असे आहेत. २००७ मध्ये मायर आणि मोरन यांनी हाय-रेझ डिस्कचा आवाज मध्येच १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झच्या साखळीतून फिरवला आणि लोकांना फरक ओळखायला सांगितला. ५५४ चाचण्यांपैकी २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीइतकीच. पण त्यांनीच हेही नोंदवलं की हाय-रेझ म्हणून निघालेल्या डिस्क बऱ्याचदा नेहमीच्या सीडीपेक्षा चांगल्या वाजतात, कारण त्या जास्त काळजीने मास्टर केलेल्या असतात. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी १८ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं, प्रशिक्षित श्रोत्यांत त्याहून जास्त. म्हणजे फरक शून्य नाही, पण अगदी निसरडा आहे. त्याच्या तुलनेत दोन मास्टरिंगमधला फरक घरातलं कुणीही, पहिल्याच फटक्यात सांगू शकतं.

पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'ची २००३ची हायब्रिड एसएसीडी या बाबतीत बोलकी आहे. एकाच चकतीवर एसएसीडीचा थर आणि सीडीचा थर. सीडीचा थर एसएसीडीच्या स्टिरिओ थरापेक्षा जास्त दाबून मास्टर केलेला होता. ज्यांनी बटण दाबून दोन थरांची तुलना केली त्यांना एसएसीडी सरस वाटली, आणि श्रेय डीएसडी फॉरमॅटला गेलं. ऐकत होते ते दोन वेगळी मास्टरिंग.

म्हणून आधी मास्टरिंग शोधा. ते फक्त हाय-रेझमध्येच मिळत असेल तर हाय-रेझ घ्या. जुन्या सीडीवर असेल तर सीडी रिप करा (संगणकावर फाइल म्हणून उतरवा), तिथे १६ बिट पुरेसे आहेत.

बिटपरफेक्ट

इथे अजून एक गोष्ट यायला हवी, कारण ती थेट डॅकशी जोडलेली आहे: इंटरसॅम्पल पीक.

फाइलमधले सॅम्पल म्हणजे लाटेवरचे सुटे बिंदू. डॅक त्यांच्यामधून अखंड लाट काढतो, आणि त्या लाटेचा माथा दोन बिंदूंच्या मध्ये, दोघांपेक्षाही वर असू शकतो. पुस्तकी उदाहरण घ्या. सॅम्पल रेटच्या बरोबर एक चतुर्थांश वारंवारतेची साइन लाट, म्हणजे सीडीवर ११,०२५ हर्ट्झ, आणि सॅम्पल ४५ अंशांवर पडलेले. सॅम्पल शून्य डीबीला टेकलेले असतील तर खरी लाट ३ डीबी वर जाते. बऱ्याच डॅकच्या ओव्हरसॅम्पलिंग फिल्टरमध्ये एवढी वरची जागा ठेवलेली नसते, त्यामुळे लाट तिथे पुन्हा कापली जाते. म्हणजे मास्टरिंगमध्ये एकदा आणि डॅकमध्ये दुसऱ्यांदा. मोकळ्या मास्टरिंगमध्ये पीक तिथवर क्वचित पोचतात, म्हणून ही अडचण मुख्यतः मोठ्याने केलेल्या मास्टरिंगची.

काही उत्पादकांनी याची दखल घेतलीय. बेंचमार्क कंपनीच्या डॅकमध्ये यासाठी ३.५ डीबी जागा राखलेली आहे. इतरांनी प्लेअरमध्येच डिजिटल पातळी ३-४ डीबीने खाली आणावी. २४ किंवा ३२ बिटमध्ये मोजलं जात असेल तर यात ऐकू येण्यासारखं काही हरवत नाही. बिटपरफेक्टचा, म्हणजे फाइलमधला एकही बिट न बदलण्याचा, आग्रह धरून १०० टक्क्यांवरच वाजवणाऱ्यांना हे पटायला जड जातं (माझं टोपणनाव बघताच आहात), पण गणित स्पष्ट आहे.

काचेपलीकडे

@बिटपरफेक्ट, अगदी बरोबर. म्हणूनच आम्ही आता ट्रू पीक, म्हणजे अखंड लाटेचा खरा माथा, मोजतो आणि उणे १ डीबीला थांबतो. एमपी३ किंवा एएसीत रूपांतर करताना पीक आणखी वर जातात, तेव्हाही ही जागा कामी येते.

जुनीटेप

सगळे रीमास्टरच्या विरोधात बोलताहेत, म्हणून दुसरी बाजू. 'पहिली सीडी सगळ्यात चांगली' हा नियम नाही. सुरुवातीच्या कितीतरी सीडी मूळ मास्टर टेपवरून झाल्याच नाहीत. हाताशी असलेली, रेकॉर्ड कापण्यासाठी बेस आवरून आणि टोन बदलून तयार केलेली प्रत, किंवा प्रतीची प्रत, तीच थेट सीडीवर उतरवली गेली. डीआर १४ असतो, पण आवाज पातळ, धूसर आणि दूरचा. नंतर कुणी मूळ टेप शोधून काढली, हेडचा कोन आणि वेग नीट जुळवला आणि चांगल्या कन्व्हर्टरमधून उतरवली, तर डीआर ११ असूनही ते रीमास्टर कितीतरी सरस असतं. नुसत्या आकड्यावरून निवडणाऱ्याच्या हातून ते निसटतं.

रीमास्टरमध्ये माझा खरा राग आहे तो नॉइज रिडक्शनवर. टेपची सळसळ काढायच्या नादात सुरांची शेपटी, खोलीचा घुमारा, झांजेची झिलई सगळं पुसलं जातं. चांगल्या सिस्टीमवर हे अतिशय जाणवतं. सूर संपतो आणि मागे खोली उरत नाही, एकदम पोकळी. सळसळ कानाला दोन मिनिटांत सवयीची होते, पुसलेली खोली मात्र परत येत नाही. मला सळसळीसकटच हवं.

मंद्रसप्तक

@जुनीटेप, मान्य, आणि नॉइज रिडक्शनबद्दल तर अगदी मनातलं बोललात. डीआर मीटर मी चाळणीसाठी वापरतो, निवडीसाठी नाही. ३ किंवा ४ दिसलं की पुढे जातो. १० आणि १३ यांच्यात निवडायचं असेल तर फक्त कान.

नवश्रोता

स्ट्रीमिंगवर कुठलं मास्टरिंग वाजतंय हे कसं ओळखायचं?

चौकस

@नवश्रोता, अवघड आहे, आणि ही स्ट्रीमिंगची मोठी उणीव आहे. अल्बमच्या नावापुढे 'रीमास्टर्ड' आणि वर्ष लिहिलेलं असेल तर निदान अंदाज येतो. पण खाली लिहिलेलं मूळ प्रकाशनाचं वर्ष बघून फाइल त्या काळची आहे असं समजू नका. १९७५ लिहिलेलं असतं आणि आत रीमास्टर असतं. एखादी आवृत्ती काही न सांगता बदललीही जाते, जतन केलेल्या यादीतलं गाणं तेच दिसतं आणि आवाज बदललेला असतो. डॉल्बी ॲटमॉसची (सभोवार आवाज देणाऱ्या फॉरमॅटची) आवृत्ती तर वेगळं मिक्सच असते. ॲपलने ॲटमॉससाठी उणे १८ एलयूएफएसची मर्यादा घातलीय, म्हणून ती बरेचदा मोकळी वाटते, पण गायकाची जागा आणि वाद्यांचा तोल बदललेला असतो, तेव्हा तिची स्टिरिओशी तुलना करताना सांभाळून.

जे अल्बम मनापासून आवडतात त्यांची सीडी मिळवणं हाच खात्रीचा मार्ग. कॅटलॉग क्रमांक आणि चकतीच्या आतल्या कड्यावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक पाहिला की नेमकी आवृत्ती ठरते. लोकांनी डिस्कॉग्ज या साइटवर हे क्रमांक खूप मेहनतीने नोंदवून ठेवलेत.

नवश्रोता

धन्यवाद. लगेच एक शंका. एक जुनी, ८०च्या दशकातली सीडी मिळाली, रिप केली. डीआर उत्तम, पण आवाज भयंकर तीक्ष्ण, 'स' आणि झांजा टोचतात. तीच चकती जुन्या सीडी प्लेअरवर लावली तर मऊ वाजते. हे मास्टरिंगच असं आहे की रिप बिघडला?

बिटपरफेक्ट

मास्टरिंग ठीक असावं आणि रिपही. ही बहुधा प्री-एम्फसिसची सीडी आहे. सुरुवातीच्या काही सीडींवर वरचे स्वर मुद्दाम उचलून नोंदवलेले असत, अगदी टोकाला ९-१० डीबीपर्यंत, आणि सोबत एक खूण असे. सीडी प्लेअर ती खूण वाचून वाजवताना तेवढेच खाली आणतो. रिप केलेल्या फाइलमध्ये उचललेले स्वर येतात, खूण मागेच राहते. काही चकत्यांवर ती खूण अनुक्रमणिकेत नसून फक्त सबकोडमध्ये (गाण्यासोबत नोंदवलेल्या जोडमाहितीत) असते, त्यामुळे रिप करणाऱ्या सॉफ्टवेअरलाही ती दिसत नाही.

सॉक्स हा मोफत प्रोग्राम घ्या, त्यात 'डीएम्फ' नावाचा इफेक्ट आहे. फाइल त्यातून काढा आणि आउटपुट २४ बिटला ठेवा. मूळ रिप मात्र जपून ठेवा. नंतर पातळी जुळवून प्लेअरवरच्या आवाजाशी ताडून बघा. दोन्ही सारखे वाजले तर निदान बरोबर. तीक्ष्णपणा तरीही राहिला तर कॅटलॉग क्रमांक इथे टाका, त्या आवृत्तीबद्दल आणखी शोधू.

नवश्रोता

करून बघतो. कॅटलॉग क्रमांक आज रात्री टाकतो.